पंचांगाच्या मुळाशी गेलेला शिक्षक

बल्लारपूर आणि दापोली तालुक्यातले मुरूड ही महाराष्ट्राच्या नकाशावरची जवळजवळ दोन टोके. एक वर्धा नदीच्या काठी, दुसरे अरबी समुद्राच्या. दोन्ही गावांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचे अंतर आहे आणि त्यामुळे बल्लारपुरात सूर्य मुरूडपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. भिंतीवरचे घड्याळ दोन्ही गावांत एकच वेळ दाखविते. तिथी मात्र घड्याळावर ठरत नाही, ती सूर्योदयावर ठरते. एखादी तिथी नेमकी त्या २५ मिनिटांत संपली, तर सूर्योदयाला बल्लारपुरात दशमी असते आणि मुरूडात एकादशी लागलेली असते. मुंबईसाठी तयार केलेली दिनदर्शिका चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरात टांगली जाते तेव्हा हा प्रश्न तिच्यासोबतच येतो, पण तो सहसा कोणी विचारीत नाही.

हा आणि याच्या जातीचे शेकडो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारले, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित याच मुरूडचे. हे मुरूड हर्णैजवळचे, पुढे महर्षी कर्व्यांमुळे प्रसिद्धीस आलेले. जंजिऱ्याचे मुरूड वेगळे. १८५३ साली दीक्षितांचा जन्म झाला. गावच्या शाळेतील मराठी शिक्षण, जोडीला थोडे संस्कृत आणि वेदपठण, नंतर दापोलीच्या कचेरीत उमेदवारी आणि तिथेच इंग्रजीची ओळख, असा त्यांचा आरंभ कोकणातल्या सामान्य घरातील कोणत्याही मुलासारखाच होता. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथील तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून १८७४ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे विद्यापीठाची पायरी त्यांनी चढली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुन्हा पुणे अशा बदल्यांच्या चक्रात शिक्षकी करीतच त्यांचे सारे आयुष्य गेले. वेधशाळा त्यांच्याजवळ नव्हती, मोठे ग्रंथालयही नव्हते. होते ते गणिताचे विलक्षण वेड, आणि मिळालेल्या प्रत्येक पोथीतले प्रत्येक मान स्वतः पुन्हा मांडून पाहण्याची सवय.

त्यांच्या तरुणपणी महाराष्ट्रातील पंचांगाची अवस्था समजून घेतल्याखेरीज या सवयीचे मोल कळत नाही. गावोगावचे जोशी ज्या गणितावर पंचांग करीत ते ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाचे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली तो रचला. हा गणेश दैवज्ञ विलक्षण बुद्धीचा माणूस. त्याच्या आधीच्या ग्रंथांत दिवसांची एकूण गणना, म्हणजे अहर्गण, अवाढव्य होत जाई आणि प्रत्येक पायरीवर ज्या-कोटिज्यांची कोष्टके उघडावी लागत. गणेशाने अकरा-अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे कल्पिली; त्यामुळे आकडे कायम आटोक्यात राहिले. ज्या-कोटिज्या तर त्याने गणितातून जवळजवळ हद्दपारच केल्या. परिणाम असा झाला की साधा बेरीज-गुणाकार जाणणारा ग्रामजोशीही पाटीवर ग्रहस्थिती काढू लागला. या सोयीपायी महाराष्ट्रभर ग्रहलाघवाचे राज्य साडेतीनशे वर्षे अबाधित चालले.

सोपेपणाची किंमत मात्र हळूहळू वसूल होते. एकदा बसविलेली मध्यम मानेच दरवर्षी पुढे चालविली जात होती. एकोणिसाव्या शतकात ग्रहणाचे स्पर्श-मोक्ष पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी दिसू लागले. तिथीचीही तीच कथा. चंद्राच्या गतीतील काही महत्त्वाचे चढउतार जुन्या गणितात धरलेलेच नव्हते. तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिकांनी वाढते आणि सहा घटिकांनी घटते, असा नियम रूढ होता. प्रत्यक्ष आकाशात तिथी पन्नास घटिकांच्या आसपास उतरते आणि सदुसष्टांच्या जवळ चढते. सुधारलेले पंचांग हा नियम मोडते म्हणून ते अशास्त्रीय, असा युक्तिवाद पुढे कित्येक शास्त्रीमंडळींनी केला. आकाशाने नियम मोडला तर दोष आकाशाचा!

दुरुस्तीचा पहिला मोठा प्रयत्न प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांचा. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्याच आधारे आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७, म्हणजे १८६५ पासून निराळे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग. यात ग्रहगणित युरोपीय वेधांशी जुळणारे होतेच. शिवाय राशिचक्राचा आरंभबिंदू रेवती नक्षत्रातील एका तारकेवर नेला होता. त्यामुळे संक्रांती इतर पंचांगांहून सुमारे चार दिवस आधी येऊ लागल्या. चार दिवसांचा फरक दिसायला किरकोळ. पण चांद्रमासाचे नाव संक्रांतीवर ठरते, अधिकमासही तिच्यावरच. क्वचित एखाद्या वर्षी हे चार दिवस नेमके अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे पडतात, आणि मग एकाच आळीतल्या दोन घरांत दोन निरनिराळे महिने चालू होतात. एका आकड्याचा धक्का किती दूरवर पोहोचतो, याचा हा पहिला अनुभव होता.

मूळचे नाशिकचे आणि ग्वाल्हेरला राहिलेले विसाजी रघुनाथ लेले यांना ही दुरुस्तीही अर्धीच वाटत होती. त्यांचे म्हणणे असे : ऋतू तारकांवर चालत नाहीत, संपातावर चालतात. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षाहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. ही चोवीस मिनिटे साठत जाऊन साठ वर्षांत एक दिवस होतो. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होते आणि मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्याकडे सरकत चालली आहे. असेच चालू राहिले तर वसंतातले चैत्री सण एक दिवस भर उन्हाळ्यात आणि मग पावसात येतील. तेव्हा पंचांग सायन करा, संपातापासून मोजा. लेले यांनी वृत्तपत्रांतून हा वाद कित्येक वर्षे लढविला. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांना येऊन मिळाले, आणि शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ साली, सायन पंचांग छापून बाहेर पडले.

विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता. सायन गणिताने आज अश्विनी नक्षत्र आहे असे पंचांग सांगेल, आणि रात्री वर पाहावे तर चंद्र अश्विनीच्या तारकांपासून वीस-बावीस अंश दूर. मग नक्षत्र या शब्दाला अर्थ काय उरला? व्यवहाराची अडचण त्याहून मोठी होती. संक्रांती एकदम बावीस दिवस मागे आल्या की महिन्यांची नावे बहुतेक वर्षी एक-एक महिना अलीकडे सरकतात. गणेशचतुर्थी, नवरात्र, दिवाळी, सारेच महिनाभर आधी. वडिलांचे श्राद्ध एका भावाने एका महिन्यात करावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या, हे कोणत्या घराला मानवेल?

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या जगाने असाच एक प्रसंग अनुभवला. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे नोंदविण्याची जुनी सवय हजारो आज्ञावल्यांत जागोजागी पेरली गेली होती आणि २००० साल उजाडण्यापूर्वी ती प्रत्येक जागा शोधून काढणे भाग होते. वाय-टू-के या नावाने ते काम घरोघरी माहीत झाले. महाराष्ट्रातील कितीतरी तरुण अभियंत्यांची परदेशवारी त्यातूनच घडली. त्या कामातील खरी मेहनत नवे सूत्र लिहिण्यात नव्हती. जुने सूत्र कुठे-कुठे वापरले आहे, कोणी कोणत्या समजुतीने वापरले आहे आणि एका जागी बदल केला तर दुसरीकडे काय कोसळेल, हे हुडकण्यात होती. दीक्षितांनी शंभर वर्षांपूर्वी पंचांगाच्या बाबतीत हेच केले, आणि तेही एकट्याने, सरकारी शाळेची नोकरी सांभाळून.

सायन पक्षाचे ते पुरस्कर्ते खरे. पण प्रचारकाचा उतावळेपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. पंचांगाचा इतिहास लिहिण्यासाठी पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पारितोषिक जाहीर केले, तेव्हा त्यांना आपल्या शोधाला एक चौकट मिळाली. बार्शीच्या मुक्कामात त्यांनी हे काम उभे केले. देशातील कोणत्या प्रांतात कोणता सिद्धान्त आणि कोणता करणग्रंथ चालतो, याचा त्यांनी शोध घेतला. महाराष्ट्रात ग्रहलाघव, काशीकडे मकरंद, तमिळ मुलखात वाक्यगणित. कुठे सौरपक्ष, कुठे ब्राह्मपक्ष, कुठे आर्यपक्ष. दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणजे कृष्णपक्षातल्या एकाच दिवसाला नर्मदेच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या महिन्याचे नाव. वर्ष आपल्याकडे चैत्रात सुरू होते, गुजरातेत कार्तिकात, काठेवाडच्या काही भागांत आषाढात. शकाचा आकडा सरलेल्या वर्षांचा धरायचा की चालू वर्षाचा, यावरही एकमत नव्हते. जुन्या लेखांत गत आणि वर्तमान या दोन्ही पद्धती सापडतात आणि एका वर्षाची चूक सहज होते. पहिली मोजणी शून्यापासून की एकापासून, हा गोंधळ आजच्या संगणकतज्ज्ञांनाही परिचयाचा आहे.

या सर्व शोधाचे फळ म्हणजे १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ. वेदांग ज्योतिषापासून छत्रे-लेल्यांपर्यंतचा पट त्यात आहे. प्रत्येक ग्रंथकाराचा काळ, त्याची वर्षमाने, त्याची बीजे आणि त्याच्या चुका लेखकाने स्वतः गणित करून तपासल्या आहेत. ज्या ग्रहलाघवावरचा भार उतरावा म्हणून दीक्षित झगडत होते, त्याच्या कर्त्याची बुद्धी त्यांनी मोकळ्या मनाने वाखाणली आहे. विरोधी पक्ष इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा वादग्रस्त विषयावरचा ग्रंथ मराठीत तेव्हा दुर्मीळ होता. आजही फार सुळसुळाट झाला आहे असे नाही.

मात्र दीक्षितांचे नाव मराठी मुलखाबाहेर गेले ते वेगळ्याच कामाने. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि कोरीव लेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्त राजांच्या लेखांचे संपादन करीत होते. गुप्त संवत केव्हा सुरू झाला यावर विद्वानांत दोनशे-अडीचशे वर्षांचा मतभेद होता. इसवी सन ७७ पासून ३१९ पर्यंत निरनिराळे आरंभ सुचविले गेले होते. अल बिरुनीने शकानंतर २४१ वर्षांनी असे लिहून ठेवले होते; पण सर्वांचा त्यावर विश्वास नव्हता. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार अशी नोंद आहे. दीक्षितांनी छत्र्यांच्या कोष्टकांवरून गणित केले, आणि उत्तर आले २१ जून ४८४, वार गुरुवार. सुचविलेल्या इतर आरंभांवरून मोजले असता मेळ बसेना. इतर लेखांतील गुरूच्या द्वादशवर्षचक्राच्या संवत्सरांचे कोडेही त्यांनी सोडविले. गुरू कोणत्या नक्षत्रात उगवतो यावरून त्या संवत्सरांना नावे दिली जात, मध्यम राशीवरून नव्हे, हे त्यांनी दाखविले. १८८८ मध्ये निघालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथात दीक्षितांचे गणित समाविष्ट आहे, आणि गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० हा तेव्हापासून पक्का झाला.

विदर्भाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. वाकाटकांचे लेख त्या-त्या राजाच्या राज्यवर्षांत आहेत. सलग चालणारा संवत त्यांत सहसा नाही. त्यांचा काळ ठरतो तो गुप्तांच्या आधाराने, कारण दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकचा शिलालेख पहिल्या रुद्रसेनाशी जोडला जातो; तो राजा इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, असे अभ्यासक म्हणतात तेव्हा त्या विधानाच्या तळाशी एरणचा तो गुरुवार आहे. बार्शीतल्या एका शाळामास्तराने एक टोक घट्ट बांधले आणि नागपूर-चंद्रपूरकडचा इतिहास आपोआप जागेवर आला.

फ्लीट यांच्यानंतर मद्रासकडचे सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तोही १८९६ मध्येच लंडनला छापला गेला. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील कोणतीही तिथी इंग्रजी तारखेत उतरविण्याची सोय त्यात आहे. येथे गणेश दैवज्ञाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सूर्य-चंद्रांतील अंतर वर्तुळाच्या दहा-हजारांश भागांत मांडायचे, चंद्र आणि सूर्य यांच्या केंद्रांचे आकडे हजारांश भागांत, आणि मग वर्षाचे, दिवसाचे, वेळेचे आकडे कोष्टकांतून उचलून नुसती बेरीज करायची. ज्याला सिद्धान्ताचा गंधही नाही असा कोरीव लेखांचा अभ्यासकही तिथीचा वार पडताळून पाहू शकला. गणित उज्जयिनीच्या रेखावृत्ताचे. इतर गावांसाठी रेखांशाची दुरुस्ती वेगळी करायची. म्हणजे बल्लारपूर-मुरूडच्या २५ मिनिटांची सोयही तिथे करून ठेवलेली आहे.

वेळेचा असाच झगडा त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवरही रंगला होता. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, शहर मुंबईच्या. १८८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावण्याचा घाट गव्हर्नर फर्ग्युसन यांनी घातला. अर्ध्या तासाच्या या बदलावर एवढा गदारोळ उठला की १८८३ मध्ये तो सोडून द्यावा लागला. गंमत अशी की मद्रासची ती वेळ बल्लारपूरच्या सूर्याशी तीन-चार मिनिटांच्या आत जुळत होती. रोष होता तो मुंबईकरांचा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. घड्याळाच्या अर्ध्या तासासाठी जिथे एवढा हट्ट, तिथे सायन पंचांगाच्या बावीस दिवसांचे काय होणार हे उघड होते. ते पंचांग मोजक्या लोकांपुरतेच राहिले. लोकांनी ग्रहांचे शुद्ध गणित पुढे हळूहळू स्वीकारले. महिने मात्र जागचे हलू दिले नाहीत.

पराभवाने दीक्षित कडवट झाल्याचे त्यांच्या लेखनात कुठे दिसत नाही. सामान्य वाचकाला आकाशाची गोडी लागावी म्हणून १८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. ‘रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे उपनावच त्यांचा स्वभाव सांगते. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे वर्णन आहे. त्यावरून त्या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांपर्यंत मागे जातो, असे त्यांनी मांडले. ते मत अनेक पाश्चात्त्य पंडितांनी मानले नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. १८९४ पासून ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होते. ज्या संस्थेतून शिकून बाहेर पडले तिथेच शिक्षक म्हणून परतले. दोन्ही मोठे ग्रंथ छापून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

पंचांगाचा वाद त्यांच्यामागे चालूच राहिला. मुंबई, पुणे, सांगली येथे परिषदा भरल्या, लोकमान्य टिळकांनी त्यात लक्ष घातले, व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे गणितग्रंथ रचून चित्रा तारकेचा पक्ष उभा केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. देशभरातील पंचांगांची छाननी करताना समितीने दीक्षितांच्या ग्रंथाचा ठायीठायी आधार घेतला. २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. चैत्र वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी लागतो. सणांच्या तिथ्या मात्र समितीने निरयनच ठेवल्या आणि त्यासाठी अयनांश २३ अंश १५ कला धरले. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात ही सौर तारीख दिली जाऊ लागली. घरोघरीच्या गुढ्या मात्र जुन्याच हिशेबाने उभ्या राहत आल्या.

दीक्षितांचा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये हिंदीत आला. इंग्रजी भाषांतर भारत सरकारच्या हवामान खात्याने दोन भागांत काढले, पहिला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. तोवर मूळ ग्रंथाला पंच्याऐंशी वर्षे झाली होती.